नदी चेक, पण चाल कुठली?

'व्ल्तावा' ही त्याच नावाच्या चेक नदीवरची ऑर्केस्ट्राची रचना. ती ऐकून कुणी "काय मातीचा वास आहे हो!" म्हणालं की मला गंमत वाटते. ज्या चालीने चेक माणसाचा ऊर भरून येतो, ती मुळात चेक नाहीच. १६०० च्या आसपास इटलीत 'ला मांतोवाना' नावाचं गाणं होतं, त्याच्याच गोतावळ्यातली ती चाल. स्वीडनच्या एका लोकगीतात ती सापडते, इस्रायलच्या राष्ट्रगीतातही. आणि ही रचना करणारा संगीतकार बेद्रिख स्मेताना? जर्मन बोलत वाढलेला. चेक नीट लिहायला शिकला तो पस्तिशी उलटल्यावर.

मग यात चेक काय आहे? काही जाणकार इथेच 'हा सगळा राष्ट्रवादाचा बनाव' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. चाल उसनी असली म्हणून गोष्टही उसनी ठरत नाही, कारण इथे गोष्ट सांगतो तो चालीखालचा वाद्यमेळ.

हेडफोन लावून ऐका. आधी दोन फ्लूट एकमेकींत गुंतत वळवळतात, हा पहिला झरा. मग क्लॅरिनेट येतात, हा दुसरा. मध्येच व्हायोलिनची तार बोटाने छेडली जाते, हार्पचा एखादा थेंब पडतो. झरे एकत्र येतात, तंतुवाद्यं तो प्रवाह उचलतात आणि त्यानंतर कुठे ती प्रसिद्ध चाल अवतरते. पाणी आधी, गाणं मागाहून! पुढे काठावर शिकार चालू आहे, हॉर्न वाजताहेत, पण खालचं पाणी काही थांबत नाही. मग गावातलं लग्न, पोल्का या चेक नाचाचा ठेका. तो ऐन रंगात येतो आणि विरत जातो. लग्न संपलं म्हणून नव्हे हं, आपण पुढे निघून गेलो म्हणून. ऐकणाऱ्याला होडीत बसवण्याची ही युक्ती मला भलतीच आवडते. एकही शब्द न वापरता स्मेताना तुमची जागा ठरवून टाकतो.

रात्रीचा चांदण्यातला भाग सुंदर आहे, पण थोडा लांबतो. त्यानंतर सेंट जॉनच्या खळाळाचा, म्हणजे नदीच्या खडकाळ, वेगवान पट्ट्याचा दणका. हा खळाळ आज प्रत्यक्षात नाही, श्तेखोवित्से धरणाच्या पाण्याखाली गेला. आता तो फक्त ऑर्केस्ट्रात उरलाय.

शेवटी नदी प्रागला पोचते, उदास मायनर स्वरांतली चाल प्रसन्न मेजर स्वरांत उजळते आणि ब्रासवर, म्हणजे पितळी वाद्यांवर, प्रागच्या विशेहराद किल्ल्याची धून गरजते. इथे बहुतेकांची फसगत होते. 'व्ल्तावा' ही स्मेतानाच्या 'मा व्लास्त' (माझा देश) या सहा रचनांच्या मालिकेतली, आणि ही धून त्या मालिकेतल्या 'विशेहराद' या पहिल्या रचनेतली आहे, तिथे ती हार्पवर हळुवार येते. ती ऐकलीच नसेल तर हा शेवट म्हणजे नुसता मोठा आवाज. नुसती 'व्ल्तावा' ऐकवणाऱ्या मैफिलींवर माझा राग आहे तो यासाठी.

स्मेताना १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण बहिरा झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात त्याने 'व्ल्तावा' लिहून काढली. तेव्हा चेक प्रदेश ऑस्ट्रियाच्या राजवटीखाली होता. सबंध मालिका प्रागमध्ये वाजली ती १८८२ साली. शेवटच्या दोन रचना पंधराव्या शतकातल्या हुसाइट, म्हणजे चेक धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायी योद्ध्यांच्या एका स्तोत्रावर उभ्या आहेत. खरं सांगायचं तर मला त्या जरा ढोल बडवणाऱ्या वाटतात.

पण त्या ढोलाचा अर्थ काळाप्रमाणे बदलत गेला. १९३९ च्या मार्चमध्ये नाझींनी प्राग घेतलं आणि जूनमध्ये चेक ऑर्केस्ट्रा-संचालक वात्स्लाव तालिखने तिथे ही मालिका सादर केली. शेवट झाला आणि श्रोत्यांनी उभं राहून चेक राष्ट्रगीत म्हटलं. स्वरलिपी तीच, साठ वर्षांपूर्वीची, त्यात एक टिंबही बदललेलं नव्हतं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आवाज खरखरीत आहे, पण आजच्या चकचकीत रेकॉर्डिंगपेक्षा मी तेच आधी ऐकायला सांगेन. फक्त 'व्ल्तावा'पासून नको, 'विशेहराद'पासून सुरू करा.