लव्हाळा उपटू नका, उपाशी ठेवा

काल एका मैत्रिणीचा फोन आला. गुलाबाच्या वाफ्यात लव्हाळा माजलाय, माणूस लावून सगळी जमीन खणून घेते म्हणाली. मी तिला तिथंच थांबवलं. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहायला बसले. पोस्ट जरा लांबेल.

तीन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. वाफ्याच्या कोपऱ्यात सुपाएवढ्या जागेत लव्हाळा होता. कुदळीने हातभर खणलं, ढेकळं फोडली, माती खालीवर केली, हिरवं दिसेल ते वेचलं आणि पाणी दिलं. दोन आठवड्यांच्या आत अख्ख्या वाफ्यात हिरव्या सुया उभ्या. सुपाएवढं तण मी स्वतःच्या हातांनी वाफाभर पसरवलं होतं. रडू यायचं बाकी होतं.

मग एक दिवस एक रोप अजिबात न ओढता, पाणी सोडत, बोटांनी माती सारत बाहेर काढलं. बुडाशी एक गाठ. तिथून काळ्या तारेसारखा चिवट धागा निघालेला, त्याला हरभऱ्याएवढी दुसरी गाठ, पुढे तिसरी, माळेत ओवल्यासारख्या. एक नखाने फोडली, तर आत पांढरी आणि वास उग्र, कापराच्या जवळ जाणारा. वरून दिसत होता तो एक तुरा. खाली सहा गाठी होत्या.

एकेका गाठीवर अनेक डोळे असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा निजून राहतात. कुदळीने माळ तोडली की प्रत्येक गाठ सुटी होते आणि सुटी झाली की फुटते. शेंडा धरून उपटला तर धागा तुटतो, गाठ आत राहते. जगभरातल्या सर्वांत त्रासदायक तणांत लव्हाळ्याचं नाव अगदी वर असतं ते या गाठींमुळेच.

म्हणून माझं ठाम मत झालंय की अशा तणाशी लढाई जमिनीखालच्या साठ्याशी असते. पान ही त्याची कमाई, गाठ ही शिल्लक. नवा कोंब सुरुवातीला शिल्लक खर्चून वर येतो, पानं पसरली की कमाई परत खाली पाठवतो आणि काही आठवड्यांत नव्या गाठी धरतो. त्याला तिथपर्यंत पोचूच द्यायचं नाही. आठवड्या-दहा दिवसांनी खुरप्याने मातीच्या जरा खाली कोंब कापायचा. पुन्हा येईल, पुन्हा कापायचा. एक खाडा झाला तरी त्याला भरपाई करायला वेळ मिळतो. शिवाय लव्हाळ्याला सावली मानवत नाही, त्यामुळे जमीन उघडी ठेवू नका, दाट पसरणारी रोपं लावा. साध्या प्लास्टिकच्या कागदावर विसंबू नका. त्याच्या कोंबाचं टोक इतकं अणकुचीदार असतं की कागद भोसकून वर येतं.

मीठ टाका, व्हिनेगर शिंपडा हे सल्ले वाचून मला मनापासून वाईट वाटतं. व्हिनेगरने पानं करपतात, गाठीला काही होत नाही. मिठाने तर मातीच बिघडते आणि तिथं तुमची आवडती झाडंही धड जगत नाहीत. ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून गाठीपर्यंत उतरतं खरं, पण त्यासाठी पानं भरपूर आणि वाढीला लागलेली हवीत. कापून लगेच फवारलं तर वाया जातं, आणि वाऱ्याने गुलाबावर गेलं तर गुलाबही जातो. वाफ्यात मी ते वापरत नाही.

गाजरगवताचं गणित निराळं. ते बियांवर जगतं, एका झाडाला दहा हजारांच्या पुढे बिया धरतात. फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो, उघड्या हातांनी नको. फुलावर आलेलं कंपोस्टमध्ये तर मुळीच टाकू नका. बी किती टिकतं हे पाहायला विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मिशिगनमध्ये तणांच्या बिया बाटल्यांत भरून पुरल्या. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तर काही बिया १४१ वर्षांनंतरही रुजल्या! तणाला एकदा बी धरू दिलं की पुढची कितीतरी वर्षं ते निस्तरावं लागतं.

आणि एक कळकळीची विनंती. घाणेरी, जलपर्णी, वेडेलिया ही सगळी फुलं छान दिसतात म्हणून लोकांनी हौसेने देशोदेशी नेली. जपानी नॉटवीडला तर १८४७ मध्ये नेदरलँड्समध्ये शोभेची वनस्पती म्हणून सुवर्णपदक मिळालं होतं. आज तिचा मुळाचा तुकडा राहिला तरी पुन्हा रान माजतं. कुणी फांदी दिली तर आधी चौकशी करा. नवी कुंडी आणली की माती झटकून गाठी बघा. माझ्याकडे लव्हाळा बहुधा असाच शिरला.

पहिल्या महिन्यात दर खेपेला बादलीभर कोंब निघायचे. गेल्या आठवड्यात अकरा निघाले, मोजले मी. मैत्रिणीने त्या माणसाला नको म्हणून कळवलंय. रविवारी माझं खुरपं घेऊन तिच्याकडे जाते आहे.