‘एक्सल बूट म्हणजे गॅरेजवाल्यांची लूट’? दाजी, ती बाटली आधी खाली ठेवा

‘गाडीचा एक्सल बूट म्हणजे गॅरेजवाल्यांची लूट! मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही. पुढे पाठवा.’ असा निरोप सध्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. मला तो आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. मग तो आमच्या दाजींपर्यंत पोचला. दाजी कराडला असतात, आपली वॅगनआर स्वतःच्या हाताने पुसतात. फोनवर मोठ्या उत्साहात म्हणाले, “डिझेल आणून ठेवलंय. रविवारी जॅक लावतो आणि चारही बूट मऊ करून टाकतो.” म्हणून हा खटाटोप.

निरोपात थोडक्यात काय आहे ते आधी सांगतो. बूट हे नुसतं धूळ अडवणारं रबर आहे, फाटलं तरी काही बिघडत नाही. पावसाळ्याआधी जॅकवर गाडी उचलून, खाली सरकून त्याला डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल चोळा. फाटलंच तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. आवाज येईपर्यंत खर्च करू नका. गॅरेजवाले विनाकारण अख्खा एक्सल बदलायला लावतात. आणि शेवटी, इलेक्ट्रिक गाडीला ही भानगडच नसते.

मुळात हा बूट कुठे असतो? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून प्रत्येक चाकापर्यंत एक शाफ्ट जातो, यालाच एक्सल म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो, म्हणजे सीव्ही जॉइंट. बाहेरच्या जॉइंटमध्ये बहुधा सहा पोलादी गोळ्या खाचांमधून फिरतात, म्हणून स्टीअरिंग पूर्ण मारलं तरी चाकाला ताकद सलग मिळते. हा जॉइंट काळ्या ग्रीसमध्ये बुडालेला असतो आणि त्याच्यावर घड्याघड्यांचं रबरी आवरण, दोन्ही बाजूंना पट्ट्याने आवळलेलं. तो बूट.

आता डिझेलकडे येतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. ही कल्पना कुठून आली ते मला चांगलं ठाऊक आहे. पूर्वी सर्व्हिस स्टेशनवर गाडी धुतली की खालून ऑइल-डिझेलचा फवारा मारायचे. ट्रकच्या, जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांना त्याने गंज लागत नसे, करकर थांबत असे. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर मागच्या चाकांवर चालायच्या. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या क्रॉसला म्हणजे सांध्याला ग्रीस मारणं हे तर नेहमीचंच काम होतं. त्या पिढीच्या हाताला ती सवय लागली. पण 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तिचा जोर पुढच्या चाकांवर होता, आणि आज घरासमोर उभ्या असणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच आहेत. लोखंडी पाट्याचा इलाज रबराला लावून कसं चालेल?

डिझेल लावल्यावर रबर मऊ झाल्यासारखं वाटतं, कारण ते तेल पिऊन फुगतं. बुटाचं निओप्रीन, म्हणजे कृत्रिम रबर, तेलाला बरंच दाद देत नाही, नाहीतर आतल्या ग्रीसनेच ते खराब झालं असतं. म्हणून त्याला डिझेलची आंघोळ घालावी असं नाही. त्यातून हात फिरवताना डिझेल फक्त बुटाला लागणार आहे का? शेजारीच लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश असतात. ते बहुधा नैसर्गिक रबराचे, आणि नैसर्गिक रबर तेलात लवकर वाया जातं. वर हे ओलं, चिकट रबर रस्त्यावरची सगळी वाळू गोळा करतं ते वेगळंच.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे बाहेरच्या बुटापासून ब्रेक डिस्क काही इंचांवर असते. शाफ्ट फिरायला लागला की त्यावरचं तेल चहूबाजूंना उडणार. ताशी 60च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक मिनिटाला 500हून जास्त फेरे घेतं, शाफ्टही तेवढेच. ते तेल डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर गेलं तर खंबाटकीच्या उतारावर काय होईल याचा विचार निरोप लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. एका चाकाचा ब्रेक कमी लागला की गाडी एका बाजूला ओढते. रबर मऊ ठेवायला एवढी किंमत?

आणि तो जॅक! डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही, एवढं तरी निरोपात हवं होतं. उलट ‘खाली सरका’ असं लिहिलंय. माणसं अशीच चिरडतात. दाजींना फोनवर मी फक्त एवढ्याच मुद्द्यावर आवाज चढवला.

खरं तर खाली जायची गरजच नाही. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला मारा, इंजिन बंद करा आणि चाकाच्या मागे टॉर्च टाका. घड्या उघडलेल्या दिसतात, भेग असेल तर तिथेच सापडते. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर मग भेग शोधायचंही कारण उरत नाही. आतला बूट असा नीट दिसत नाही. ऑइल बदलायला गाडी रॅम्पवर चढली की तो बघायला सांगायचा. आणि दाजी म्हणाले ते चार बूट पुढच्याच दोन शाफ्टवर असतात. मागच्या चाकांना शोधत बसू नका, वॅगनआरला तिथे शाफ्टच नाही.

‘फाटलं तरी काही बिघडत नाही’ याला मी माझं मत कशाला सांगू? इंग्लंडमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारींची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. तिच्या नियमपुस्तिकेत या बुटाची वेगळी नोंद आहे. बूट फार जीर्ण झाला असेल तर किरकोळ दोष. बूट नसेल किंवा धूळ आत जाणं रोखत नसेल तर मोठा दोष, म्हणजे गाडी नापास. त्या सरकारला आपल्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्याचा धंदा वाढवायचा नसावा. शिवाय धूळ अडवणं हे बुटाचं अर्धंच काम आहे. ग्रीस आत धरून ठेवणं हे दुसरं अर्धं, आणि निरोपाने ते साफ गिळून टाकलंय. भेग पडली की ग्रीस बाहेर फेकलं जातं, पावसाचं पाणी आणि रेती आत जाते, आणि उरलेल्या ग्रीसची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते.

म्हणूनच आवाजाची वाट बघणं म्हणजे मुहूर्त टळल्यावर मांडव घालणं. वळताना चाकातून कट-कट ऐकू येते तेव्हा गोळ्या आणि खाचा झिजलेल्या असतात. मग नवा बूट घाला नाहीतर किलोभर ग्रीस भरा, झिजलेलं पोलाद परत येत नाही. बूट किट काही शेकड्यांत येतं, शाफ्ट काही हजारांत जातो. आता लूट कशात आहे ते ज्याने त्याने ठरवावं.

सायकलच्या ट्यूबबद्दल फार बोलत नाही. ग्रीसने माखलेल्या रबरावर सोल्युशन धरत नाही, आणि ब्यूटाइल ट्यूब असेल तर ग्रीसने ती स्वतःच फुगते. साधं पिवळं ग्रीसही नको. किटमध्ये मोलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस पुडीत येतं, तेवढंच आणि तेच.

अख्खा एक्सल बदलायला लावतात, हे मात्र मान्य करावं लागेल. होतं असं, काही ठिकाणी सर्रास होतं. सुट्टा शाफ्ट विकत आणून बसवला की मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि बिल फुगतं. पण निरोपवाल्याने त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. भेग ताजी असेल, जॉइंटला आवाज नसेल आणि ग्रीसमध्ये रेती लागत नसेल, तर जॉइंट सोडून, धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट घालून काम भागतं. हे आपल्यासमोर करून घ्या, जुना बूट मागून घ्या, चाकाचा एक्सल नट नवा टाकायचा आहे का तेही विचारा. दर अमुक किलोमीटरला सगळे बूट बदलाच असं कोणी सांगत असेल तर त्यालाही गाडीसोबत आलेली पुस्तिका दाखवा. देखभालीच्या कोष्टकात ड्राइव्ह शाफ्ट बुटांपुढे साधारणपणे ‘तपासणी’ लिहिलेलं असतं, ‘बदला’ नाही. आणि ‘डिझेल चोळा’ तर नाहीच नाही.

राहिली इलेक्ट्रिक गाडी. इंजिन नाही म्हणून बूट नाही, हा तर्क कुठल्या शाळेतला? मोटरची ताकद चाकापर्यंत शाफ्टनेच जाते. नेक्सॉन ईव्हीचं स्टीअरिंग पूर्ण मारून पुढच्या चाकामागे टॉर्च टाका, तिथेही हेच घड्यांचं रबर दिसेल.