मायामी हा चमत्कार नव्हता

फिलिपिन्सची टेनिसपटू अलेक्झांड्रा इआला मार्च २०२५मध्ये मायामी ओपन स्पर्धेत ‘अचानक उगवली’, असं एका लेखात म्हटलंय. ते पटत नाही. तेराव्या वर्षी मनिला सोडून ती स्पेनमधल्या मायोर्का बेटावरच्या राफेल नदालच्या टेनिस अकादमीत गेली, २०२२मध्ये यूएस ओपनचं मुलींचं एकेरी विजेतेपद मिळवलं. मायामीत जागतिक क्रमवारीत १४०व्या क्रमांकावर असताना तिला वाइल्डकार्ड (आयोजकांनी क्रमवारी बाजूला ठेवून दिलेला थेट प्रवेश) मिळालं हे खरं, पण ओस्तापेंको, कीज आणि श्विऑन्तेक या तिन्ही ग्रँड स्लॅम विजेत्यांना हरवणं वाइल्डकार्डवर होत नाही. (बादोसाविरुद्ध मात्र न खेळताच पुढे चाल मिळाली.)

इआला डावखुरी. तिचा क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टभर तिरका मारलेला फोरहँड उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवर जातो, बहुतेकींची ती कमकुवत बाजू. शिवाय समोरचीची पहिली सर्व्हिस चुकून दुसरी, हळू सर्व्हिस आली की इआला बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) आत सरकून चेंडू वर येतानाच मारते, समोरच्याला सावरायला वेळच मिळत नाही. दुखणं आहे ते तिच्या स्वतःच्या दुसऱ्या सर्व्हिसमध्ये. वेग कमी, त्यामुळे चांगला रिटर्न करणारी खेळाडू तिथेच तुटून पडते. २०२५मध्ये इंग्लंडमधल्या ईस्टबर्न स्पर्धेच्या फायनलमध्ये चार चॅम्पियनशिप पॉइंट (जिंकला की विजेतेपद, असा गुण) हातात असूनही माया जॉइंटकडून ती तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये १०-१२ अशी हरली.

आणि क्रमवारीचा हिशेब विसरू नका. मायामीच्या उपांत्य फेरीचे ३९० गुण ५२ आठवड्यांनी गळतात. पहिल्याच सामन्यात हरलं तर त्यांच्या जागी मिळतात फक्त १०. बाकी स्पर्धांतून तेवढी भर पडली नाही, तर क्रमांक घसरणारच, खेळ तितकाच चांगला राहिला तरी.