इम्युनोथेरपीला साइड इफेक्ट नसतात? खुलासा

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती वापरून कॅन्सरवर केलेला उपचार. ‘ही स्वतःचीच प्रतिकारशक्ती, म्हणून साइड इफेक्ट शून्य’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे टी-पेशींवरचा (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींवरचा) पीडी-१ हा ब्रेक सोडवतात. मोकळ्या सुटलेल्या पेशी कॅन्सरवर तुटून पडतात, तशा कधी आतडे, फुप्फुस, यकृत, थायरॉइडवरही. केस सहसा गळत नाहीत, एवढे मात्र खरे.

रोजच्यापेक्षा ४ ते ६ वेळा जास्त शौचाला होत असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊन दाबू नका. आतड्याचा दाह असल्यास स्टेरॉइड लागते आणि त्याचा डोस कमी करायलाच ४ ते ६ आठवडे जातात. मध्येच सोडले तर दाह उलटू शकतो. नवा खोकला, धाप असेल तर त्याच दिवशी कळवा. इम्युनोथेरपी थांबल्यावर काही महिन्यांनीही हे साइड इफेक्ट उद्भवू शकतात, म्हणून कोणत्याही डॉक्टरांना त्या औषधाचे नाव आधी सांगा.