मास्तरांनी भाच्याला कामाला लावलं

वडगावातल्या आमच्या कट्ट्यावर जनगणनेचं नाव निघालं की गाडी मातृभाषेच्या रकान्यावर जाऊन अडकते, हे बेळगावकराला सांगायला नको. परवा ती भलतीकडेच गेली. निमित्त आबांचा भाचा. बीई मेकॅनिकल, तीन वर्षं झाली पास होऊन, परीक्षांवर परीक्षा देतोय. मोबाइल पुढं करून म्हणाला, "हे बघा. २०२३-२४ ची बेकारी ३.२ टक्के! आमच्या एका गल्लीतच मी दहाजणं मोजून दाखवतो."

"खोटं सांगूलालेत, दुसरं काय," उद्यमबागेत लेथवर असणारा आमचा दोस्त म्हणाला. त्याला कुठल्याही आकड्यावर हेच म्हणायचं असतं.

"खोटं न्हवं गा," मास्तर म्हणाले. "विचारलं काय, ते आधी बघ."

मास्तरांनी २०११ च्या फेब्रुवारीत, ९ ते २८ तारखेपर्यंत, घरोघर फिरून जनगणनेचे तक्ते भरलेत. तेव्हापासून या विषयावर त्यांना अडवायची सोय नाही. त्यांनी पहिल्यांदा भाच्याचा आकडाच बाजूला सारला. तो जनगणनेचा नव्हेच, पीएलएफएसचा, म्हणजे सरकारच्या रोजगार-बेकारीच्या पाहणीचा. ती नमुना पाहणी, २०१७ पासून चाललेली. तिथं शंभर म्हणजे गावातली शंभर माणसं नव्हेत. काम करणारे आणि काम शोधणारे, एवढ्यांचेच शंभर. शिकणारी पोरं आणि घर सांभाळणाऱ्या बायका आधीच बाहेर. आणि त्याच पाहणीत १५ ते २९ वयाच्यांची बेकारी १०.२ टक्के आहे, ते भाच्यानं वाचलं नव्हतं. शिवाय तिथं आठवड्याचा एक हिशेब असतो. सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं, तरी त्या आठवड्यापुरता माणूस कामावर.

"एक तास?" लेथवाला उठूनच उभा राहिला. "मग बेकार ऱ्हायला पण ऐपत लागते की! हमालाला कुठं परवडतंय?"

त्याचं खोटं नाही. फक्त ते मास्तरांच्या बाजूनं जात होतं, हे त्याला कळलं नाही.

मग जनगणना. ती सात दिवसांचं नाही, मागच्या वर्षभराचं विचारते. सहा महिने किंवा जास्त काम केलं तो मुख्य कामगार, त्याहून कमी केलं तो सीमांत, काहीच नाही तो काम न करणारा. २०११ ला देशात ४८ कोटींवर कामगार निघाले, त्यात जवळपास १२ कोटी सीमांत. ही मुख्य-सीमांतची वाटणी १९८१ पासूनची. त्याआधीचा किस्सा मास्तर चवीनं सांगतात. १९६१ ला हंगामी कामात हंगामाचे बहुतेक दिवस रोज तासाभराहून जास्त राबलं की कामगार धरायचे. १९७१ ला आधी विचारलं, मुख्य उद्योग काय? बाई म्हणाली, घर. झालं, काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून १२ वर.

"दहा वर्षांत भांगलायला जायच्या बंद झाल्या काय बायका?" मास्तर.

इथं निपाणीचे जावई पहिल्यांदा बोलले. त्यांची आई घरात बसून विड्या वळायची, आणि कुणीही विचारलं की "मी काय, घरीच असते" म्हणायची. मास्तर म्हणाले, हीच तर मेख. व्याख्येत सगळं बसतंय. घरच्या शेतात फुकट राबलं तरी काम, दुकानात बिनपगारी बसलं तरी काम. म्हस पाळून दूध घरातच प्यालं तरी तेसुद्धा काम. खरं तेच दूध तापवून चहा केला की घरकाम, मग ती कामगार नाही! आणि दारात उत्तर बऱ्याचदा पुरुषच देतो. "आमची बाई काय करत नाही." मास्तर म्हणे तेव्हा गोठ्याकडं बघून परत विचारायचे. सगळेच प्रगणक गोठ्याकडं बघत असतील, असं मला वाटत नाही.

आबांनी मध्येच आपल्या कापडाच्या मागांचा विषय काढला. त्यांचे दोन माग घरात, चालवणारी घरचीच माणसं, म्हणून ते जनगणनेत 'घरगुती उद्योगा'त. समोरच्या गल्लीत दुसऱ्याच्या कारखान्यात तसलाच माग चालवणारा मजूर 'इतर कामगार'. कापड तेच, खटखट तीच. आबांना यात अपमान नेमका कुणाचा झाला ते ठरवता येईना, म्हणून त्यांनी चहा सांगितला.

"ते सगळं ऱ्हाऊ दे," भाचा चिडला होता. "मी बेकार आहे का नाही, तेवढं सांगा."

"संध्याकाळी पोरं येतात न्हवं तुझ्याकडं? दहावीची?"

"ट्यूशन? ते काय काम हाय? तास-दीड तास. पेट्रोल आणि फॉर्मची फी सुटते."

"कधीपासनं कधीपर्यंत?"

"जूनपासनं मार्चपर्यंत."

मास्तरांनी बोटं मोजली. पैसे घेऊन शिकवतो, म्हणजे काम. रोज किती तास आणि महिन्याला किती मिळतात, हे तिथं कोणी विचारत नाही. सहा महिन्यांच्या वर भरले. "मुख्य कामगार."

कट्टा हसला. भाचा नाही हसला. "बरं. खरं दुसरी नोकरी शोधतोय, ते तर लिहून घेतील?"

मास्तर जरा थांबले. "२०११ च्या तक्त्यात काम शोधताय का, हा प्रश्न सीमांतला आणि काम न करणाऱ्याला होता. मुख्य कामगाराला तो विचारायचाच नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे तू बेकारीच्या रकान्यापर्यंत पोचतच न्हाईस."

लेथवाला एकदम गप्प झाला. गेल्या वर्षी त्याला आठ महिने काम होतं, चार महिने तो याच कट्ट्यावर होता. तोही पोचला नसता.

आबांनी विचारलं, पुढच्या खेपेला तरी बदलेल काय? संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि या वेळी मोबाइलवर भरणार. मास्तर म्हणाले, मोबाइल काय, प्रश्न तोच असला तर उत्तर तेच.

सात वाजले. भाचा गाडीला किक मारत होता. आबांनी हाक मारली, "चहा तर पिऊन जा की रं!"

"पोरं येऊन बसली असतील," तो म्हणाला.