रोज एक रुपया सैन्याला? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

देशावर घाला पडला की एक जुना मेसेज हमखास वर येतो. २०१६ पासून तो फिरतो आहे, पुलवामानंतर फिरला, एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पुन्हा फिरला. मजकूर थोडक्यात असा: अक्षय कुमारच्या सूचनेवरून केंद्रीय मंत्रिमंडळाने सैन्यासाठी बँक खाते उघडले आहे, त्यात रोज एक रुपया टाका, त्यातून शस्त्रे घेतली जातील आणि शहीद-जखमी जवानांना मदत होईल, १३० कोटींपैकी ७० टक्के लोकांनी टाकला तरी वर्षाला ३६ हजार कोटी जमतील, एवढे तर पाकिस्तानचे संरक्षण बजेटही नाही. खाली सिंडिकेट बँकेचा खाते क्रमांक. आपल्याकडे, बेळगाव सीमाभागात, तो मराठीत येतो, कन्नडमध्ये येतो, हिंदीत येतो, आणि शेवटी बहुतेक वेळा जोडलेले असते: ‘खरे भारतीय असाल तर पैसे टाका.’

भावना खरी आहे, म्हणूनच ती चुकीच्या खात्याकडे जाऊ नये.

मंत्रिमंडळाचा असा निर्णय झालेलाच नाही. एप्रिल २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हा मेसेज दिशाभूल करणारा असल्याचे जाहीर केले. अभिनेत्याचे नाव त्यात कुठून आले तेही कळते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शहीद जवानांच्या कुटुंबांना थेट मदत करता यावी ही कल्पना त्यांनी मांडली होती. त्यातून एप्रिल २०१७ मध्ये ‘भारत के वीर’ हे गृह मंत्रालयाचे पोर्टल सुरू झाले. सैन्यासाठी शस्त्रे घेण्याशी त्याचा काहीएक संबंध नाही. दोन वेगळ्या गोष्टी कोणीतरी एकात मिसळल्या.

आता खात्याचे बघू, कारण खरा घोळ इथेच होतो. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. आपल्या जिल्ह्यांत तिच्या शाखा भरपूर होत्या, त्यामुळे अनेकांना हे स्वतःच्या पासबुकावरून ठाऊक आहे. १ जुलै २०२१ पासून सिंडिकेटचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. मेसेजमधला कोड त्याच जुन्या बँकेचा. तो टाकला की बँकेचे ॲप तिथेच अडवते, किंवा रक्कम निघाली तरी परत येते. मेसेजमधले तपशील चुकीचे असल्याने ऑनलाइन देणग्या परत जात आहेत, हे मंत्रालयानेही सांगितले आहे. नियमाप्रमाणे एनईएफटीने (बँकेतून बँकेत ऑनलाइन) पाठवलेली पण खात्यात न जमलेली रक्कम त्या खेपेचे (बॅचचे) व्यवहार पूर्ण झाल्यावर दोन तासांत परत पाठवायची असते. पण आपल्याकडे पुष्कळांचे खाते पतसंस्थेत किंवा छोट्या सहकारी बँकेत असते. तिथे व्यवहार मधल्या मोठ्या बँकेमार्फत जातो, आणि परतलेले पैसे खात्यात दिसायला वेळ लागू शकतो. मंडळाने गल्लीतून गोळा केलेली वर्गणी अशी मध्येच अडकली तर हिशेब देताना खजिनदाराची पंचाईत होते.

याहून वाईट प्रकार म्हणजे मेसेजमधला क्रमांक कोणीतरी बदलून स्वतःचा टाकणे. पुढे पाठवलेल्या मजकुरात अंक कोणी बदलला हे समजायला मार्ग नसतो. म्हणून खाते क्रमांक कधीही मेसेजमधून उचलू नका. संरक्षण मंत्रालयाच्या ‘माँ भारती के सपूत’ या संकेतस्थळावर स्वतः पत्ता टाइप करून जा. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. यूपीआय वापरत असाल तर पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. तिथे एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर थांबा. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसलाही पैसे पाठवण्याआधी नाव तपासण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. शाखेत विचारा.

‘शस्त्रे घेतली जातील’ हे तर साफ चूक. शस्त्रखरेदी संसदेने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातून होते. आधी संरक्षण खरेदी परिषदेची मान्यता, मग चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी, करार, आणि त्यात वर्षे जातात. देणगीचा पैसा त्या वाटेला जातच नाही. हिशेबही फसवा आहे. १३० कोटींचे ७० टक्के म्हणजे ९१ कोटी, मेसेज म्हणतो तसे १०० कोटी नव्हे. ते ३६५ दिवसांनी गुणले तर ३३,२१५ कोटी होतात. भारताचा २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटींचा होता, म्हणजे ही रक्कम त्याच्या पाच टक्क्यांच्याही आत बसते. पाकिस्तानचे त्याच वर्षाचे संरक्षण बजेट २.५५ लाख कोटी पाकिस्तानी रुपये. आपल्या चलनात ते ७५ हजार कोटींच्या वर जाते. तोही दावा गेला.

मग खरा निधी आहे का? आहे, आणि त्याचे मूळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पोहोचते. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडले. ते धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे. त्या वेळी देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला आणि त्यासाठी युद्धात बळी पडलेल्या व जखमी झालेल्या जवानांचा कल्याण निधी उभा राहिला. या निधीतून वारसांना मिळणारी मदत ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन लाखांवरून आठ लाख करण्याचा निर्णय झाला. जवान मराठी बोलतो की कन्नड, हे तिथे कोणी विचारत नाही.

मात्र या निधीची हद्द समजून घ्या. तो सैन्यदलांचा आहे, त्याची देणगी ‘माँ भारती के सपूत’वर घेतली जाते. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात ४० जवान गेले ते सीआरपीएफचे, गृह मंत्रालयाखालचे. त्यांच्या कुटुंबांसाठीची जागा ‘भारत के वीर’. तिथे एका शहीदाच्या नावावर पंधरा लाखांची मर्यादा आहे. ती भरली की दुसरे कुटुंब निवडा किंवा सामायिक निधीत द्या. आणि पहलगाममध्ये गेलेले २६ जण बहुतेक सामान्य नागरिक होते. अशा नागरिकांच्या घरच्यांपर्यंत यातला कोणताच निधी पोहोचत नाही. कोणासाठी द्यायचे आहे हे आधी ठरवा, खाते मग शोधा.

‘खरे भारतीय असाल तर’ ही ओळ आम्हाला विशेष खटकते. सीमाभागातल्या मराठी माणसाकडे ‘तुम्ही कुठले, कोणाच्या बाजूचे’ या नजरेने पाहिले जाते, म्हणून तो असा मेसेज जरा जास्तच घाईने पुढे पाठवतो, पैसेही घाईने देतो. त्याची गरज नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शंभर वर्षांहून अधिक काळ बेळगावात आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो भाषेचा आणि प्रशासनाचा प्रश्न आहे, देशनिष्ठेचा नाही. कोणी पावतीचा फोटो टाकला नाही म्हणून त्याच्या निष्ठेवर शंका घेणे हा अन्याय आहे, मग ती शंका बाहेरचा घेवो की आपल्याच गल्लीतला.

मंडळाने वर्गणी काढायचीच असेल तर अशी काढा. क्रमांक घातलेले पावतीपुस्तक ठेवा, दुसरी प्रत पुस्तकातच राहू द्या. डबा फिरवू नका. पावतीशिवाय आलेल्या पैशाचा हिशेब कधीच लागत नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून मोजा, दोघांच्या सह्या घ्या, दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खात्यात भरा. कोणा एकाच्या यूपीआयवर घेऊ नका. शेवटी पूर्ण रक्कम मंडळाच्या खात्यातून एकदाच पाठवा आणि अधिकृत पावती गल्लीच्या फलकावर मराठी-कन्नड दोन्ही मजकुरांसह लावा. एक अडचण लक्षात ठेवा: ही पावती मंडळाच्या नावाने येते, देणाऱ्याच्या नाही. ज्याला करसवलत हवी त्याने स्वतः थेट भरावे, आणि तेही रोखीने नको, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. नव्या करपद्धतीत तर ती मुळीच नाही. पोर्टल जमत नसेल तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी त्याच यंत्रणेमार्फत जमतो.

पैशाऐवजी रक्तदान करू म्हणणाऱ्या मंडळांनी तारखा आपसात वाटून घ्याव्यात. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. सगळ्या गल्ल्यांनी एकाच रविवारी शिबिर घेतले तर रक्तपेढीकडे साठा मावत नाही, आणि पुढे पुरुषांना ९०, स्त्रियांना १२० दिवस पुन्हा देता येत नाही. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ हवे, उपाशीपोटी कोणी येऊ नये. रक्तपेढीला आधी फोन करून कोणता गट कधी लागणार ते विचारा, मगच तारीख फलकावर लिहा.