इथून सांगायला काय जातंय

"कौलं काढा, पत्रे घाला, विषय संपवा."

२०२५ च्या मे महिन्यात घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या चुलतभावाने हे टाकलं, खाली हात जोडल्याचं चित्र, आणि पाठोपाठ बाकीच्यांचे अंगठे. आता सप्टेंबर उजाडला तरी माझं डोकं त्या एका ओळीवरून उतरलेलं नाही. बायको म्हणते सोडून दे. कसं सोडू? घर माझंही आहे ना.

झालं होतं असं, की आमचं देवगड तालुक्यातलं घर, चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं, त्याचे पश्चिमेकडचे वासे वाळवीने आतून पोकळ केले होते. दादाने ठरवलं की पावसाआधी कौलं उतरवायची, वासे आणि रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या) बदलायच्या, कौलं परत चढवायची. पण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे माणूस मिळवणं म्हणजे देव भेटवण्यासारखं, सगळे गडी आंब्याच्या कलमांत. सुतार आज येतो उद्या येतो करत १८ मेला आला, कौलं खाली उतरवून अंगणात रचली, आणि विसाव्या तारखेनंतर पाऊस जो लागला तो वळवाचा शिडकावा नव्हे, चक्क आषाढातला. २५ मेला तर मान्सूनच देवगडपर्यंत पोचला, एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा. आमच्या तालुक्याचं नाव टीव्हीवर बघून इथे मला क्षणभर बरंच वाटलं, हे खोटं कशाला बोलू. तिकडे वर आभाळ, मध्ये ताडपत्री, खाली वहिनी देवघरातले देव परातीत घेऊन शेजाऱ्यांकडे निघालेली.

तर अशा वेळी माणसाला धीर द्यायचा की पत्र्याचं कोटेशन पाठवायचं?

मी इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये राहतो, घर १९०४ सालचं, टेरेस, म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या रांगेतलं, वर स्लेट, म्हणजे दगडाच्या पातळ फरश्या. आमची अख्खी रस्ताभर घरं तशीच. टेकडीवरच्या कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायचं म्हणून राखलेल्या भागात, तर तुम्ही म्हणालात तरी कौन्सिल तुम्हाला वाटेल ते छप्पर घालू देत नाही, जुना दगडी स्लेटच शोधून आणा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी वादळात माझ्या सहा स्लेट घसरल्या, तर रूफरने वर बघून तोंडातून हवा आत ओढली (हा आवाज आला की समजायचं आकडा मोठा आहे) आणि सहा स्लेटसाठी स्कॅफोल्डिंग उभं केलं. पण "अहो, पत्रे घाला ना" असं नाही म्हणाला कोणी. शंभर-सव्वाशे वर्षांचं छप्पर इथे अभिमानाने सांगतात, घर विकताना जाहिरातीत लिहितात. आणि आपल्याकडे? कौलारू घर म्हणजे मुलाला मुलगी मिळायची नाही.

बरं, पत्रा का, तर म्हणे गळत नाही. स्लॅबही असाच गळत नव्हता! आमच्या वाडीत ज्याने ज्याने कौलं काढून स्लॅब घातला त्याने चार पावसाळ्यांनंतर त्या स्लॅबवर पत्र्याची शेड मारलीय, कारण स्लॅब गळतो. म्हणजे आधी छप्पर काढून स्लॅब, मग स्लॅबला छप्पर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात उतरतं छप्पर बांधायची अक्कल आजोबा-पणजोबांना होती, ती आपण पैसे मोजून घालवली आणि परत पैसे मोजून आणली.

कौलांच्या फटींतून आतली गरम हवा वर निघून जाते, म्हणून तर एप्रिलच्या दुपारीसुद्धा माजघरात चटई टाकून झोप लागायची. पत्र्याखाली दुपारी बारा वाजता बसून दाखवा. वादळात कौलं उडाली तर दहा-वीस उडतील, पत्रा उडाला की अख्खा उडतो आणि शेजाऱ्याच्या माडावर जाऊन बसतो. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, मे २०२१ ला, हेच झालं वाडीत. आमची पश्चिमेची कौलं गेली तेव्हा, पण वासे जागेवर राहिले. मी त्या वेळी जाऊ शकलो नाही, कोविडमुळे भारत इथल्या रेड लिस्टवर, प्रवासबंदीच्या यादीत होता. पैसे पाठवले. दादाला कौलं मिळेनात, चार गावं फिरून जुन्या पाडलेल्या घराची विकत आणली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, बरंच मोठं. चुलतभावाचं उत्तर, "तिकडे एसीत बसून बोलायला काय जातंय."

एसी! इथे कोणाच्या घरात एसी असतो? २०२५ चा उन्हाळा ब्रिटनमधला १८८४ पासूनच्या नोंदींतला तोवरचा सगळ्यात गरम होता असं मेट ऑफिसने, म्हणजे इथल्या हवामान खात्याने, सांगितलं. आमची घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली, लॉफ्टमध्ये हातभर जाडीचं इन्सुलेशन, उष्णता एकदा शिरली की पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते. वरच्या खोलीत पोरं झोपेनात, दुकानातले पंखे संपलेले, शेवटी मी छपरातल्या व्हेलक्सच्या खिडकीला बाहेरून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली, शेजारीण म्हणाली फार शायनी दिसतंय हं. त्यात ११ जुलैपासून पाइपने पाणी घालायला बंदी, मग तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत जमवून टोमॅटोला. लोक इथे जगबुडी आल्यासारखं बोलत होते. मी मनात म्हटलं, बाबांनो, आमच्याकडे दर मेमध्ये विहिरीत कळशी तळाला आपटते, आणि गावात टँकर येतो, आणि तीन आठवड्यांत त्याच विहिरीतलं पाणी हाताने घेता येतं. मला काय पाणीटंचाई शिकवता. ऑफिसमध्ये हे मी जरा जास्तच वेळा सांगितलं असावं.

गंमत म्हणजे ज्या मंगलोरी कौलासाठी मी एवढा भांडतोय ते तरी कुठे आपलं? बासल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, तिथून ही चपटी, खाचेत खाच बसणारी कौलं किनाऱ्याने वर आली. त्याआधी आमच्याकडे कुंभाराने चाकावर घडवलेले नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, असायची. आजोबांनी नळे काढून मंगलोरी घातली तेव्हा त्यांचे थोरले काका म्हणाले होते, घराची शोभा गेली. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. कशाला हातात कोलीत द्या.

जूनमध्ये दादाला व्हिडिओ कॉल केला. काम अर्धवट, सुतार गेलेला, ताडपत्रीवर पाण्याचं पोट फुगलेलं आणि दादा खालून काठीने ते ढकलत होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. मी म्हटलं, दादा, थोडं थांब, घाई करू नकोस, मी डिसेंबरात येतो मग बघू. तो काठी ढकलत म्हणाला, "तुका कौलां व्हयी तर ये नि चढ." चिडून नाही, अगदी सहज. मागून वहिनी, "भावजी, थंय बसान बोलणा सोपा हा. हंय रात्री उठान बालदी कोण बदलतलो?"

कौलं दर वर्षी परतायला लागतात हो. फुटकी काढायची, सरकलेली नीट बसवायची, खाली साचलेला पाचोळा झाडायचा, नाहीतर पाणी अडतं आणि आत येतं. पूर्वी वर्षातून एकदा व्हायचं, आता माकडं येऊन आठवड्यात दहा फोडतात, एक फणस पिकला की टोळी हजर. मी बारावीपर्यंत दादाबरोबर छपरावर चढायचो, तो वाशावर पाय देऊन पुढे आणि मी मागून कौलं देणारा. एकदा माझा पाय कौलावर पडला, ते फुटलं, मांडीपर्यंत आत गेलो, खाली आजी निवडत बसलेली, तिने वर बघितलं आणि म्हणाली, पाय धुतलायस का. त्यानंतर मी चढलो नाही. म्हणजे तेहतीस वर्षं. तेहतीस वर्षं कौलं कोणी परतली याचा विचार या जूनपर्यंत मी केला नव्हता, असंच म्हणायला हवं.

आणि आता सांगतोच. माझ्या १९०४ च्या घराला लाकडी खिडक्या होत्या, दोरीला वजन लावून वर-खाली सरकणाऱ्या, काचा जरा लहरी, बाहेरचं झाड त्यातून हलल्यासारखं दिसायचं. आल्याच्या तिसऱ्या वर्षी मी त्या काढून पांढऱ्या प्लास्टिकच्या बसवल्या. दर तीन-चार वर्षांनी घासून रंग कोण मारणार? बाजूचे म्हातारे आजोबा बघत उभे होते, काही बोलले नाहीत, पण त्यांच्या खिडक्या अजून लाकडीच आहेत. माझा चुलतभाऊ इथे राहत असता तर त्याने त्या दिवशी ग्रुपवर अंगठा टाकला असता.

चुलतभावाने शेवटी लिहिलं ते मात्र लागलं. "तुझा तर पासपोर्टपण तिकडचा." खरंच आहे. विमानतळावर मी वेगळ्या रांगेत असतो. पंचायतीत घरावर अजून आजोबांचं नाव आहे, घरपट्टी दादा भरतो, आणि मी त्या घराच्या छपराबद्दल हट्ट धरतो कारण सगळं बदललं तरी ते तसंच राहील या भरवशावर मी इथे स्वस्थ होतो. दादा-वहिनीने माझ्यासाठी ओल्या अंथरुणात झोपून ते तसं ठेवायचं होतं. एवढं कळूनही पत्रा मला आवडत नाही तो नाहीच.

२०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होते. त्याआधी छप्पर व्हायलाच हवं होतं, गळक्या माजघरात गणपतीवरची माटवी (फळा-पानांची मांडणी) कुठे बांधणार. दादाने जुलैच्या अखेरीला पावसाची उघडीप बघून पत्रे चढवून घेतले, चॉकलेटी, दुरून म्हणे कौलंच वाटतात. मी हप्ता पाठवला. पोरांच्या शाळा सुरू व्हायच्या होत्या म्हणून गेलो नाही. आरतीच्या वेळी फोन लावला तर बाहेर पावसाची सर आणि पत्र्यावर असा आवाज की मला टाळ ऐकू येईना आणि त्यांना मी. पाच मिनिटं आम्ही नुसते एकमेकांना हात हलवत होतो. वहिनी हसत होती. जमीन कोरडी होती.

सर गेल्यावर दादा म्हणाला, कौलं रचून ठेवलीत मांगरामागे (मांगर म्हणजे आमची सामानाची खोपी), शंभरेक शेजाऱ्याने गोठ्यासाठी नेली, पण काचेचं होतं ना एक, ते काढून ठेवलंय. ओटीवरचं. त्यातून कवडसा पडायचा, तो सरकत सरकत उंबऱ्याला टेकला की आजी चहाचं आधण ठेवायची, घड्याळ बघायची नाही. दादाने ते पेपरात गुंडाळलंय. "तुका न्हेवचा आसात तर न्हे."

दोन-अडीच किलो तरी भरेल. म्हणजे परतीच्या बॅगेतून कोकमाच्या आगळाची एक बाटली आणि सुकटीचं पाकीट बाहेर काढावं लागणार.